बंद पडलेलीं घड्याळें

आमच्या घरीं घड्याळें सत्तावीस आहेत, आणि वेळ पाहावयाची झाली तर कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानांत डोकवावें लागतें, असें आमच्या सौभाग्यवतींचें म्हणणें आहे. यांत अतिशयोक्ति आहे. परंतु ती फारशी नाहीं. सत्तावीसांपैकीं अकरा घड्याळें चालूं शकतात. मात्र तीं अकराही आम्ही एका वेळीं चालूं ठेवीत नाहीं. कारण आंत राहिलेला सेल केव्हां पाझरेल आणि यंत्राचा घास घेईल याचा नेम नसतो. तेव्हां चालणारें घड्याळ बंद करून ठेवणें हा आमच्या छंदाचा पहिला नियम आहे. असला छंद शहाण्या माणसास शोभत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे.

घड्याळांचा संग्रह म्हटला कीं ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें सोन्याच्या साखळीचें खिशांतलें घड्याळ, नाहीं तर एखाद्या जुन्या वाड्यांतलें टोले देणारें घड्याळ उभें राहतें. अशा अपेक्षेनें आलेल्या पाहुण्यापुढें आम्ही बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा उघडतों, तेव्हां त्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो. "हीं तर सेलचीं दिसतात!" असें तो म्हणतो. तीं सेलचींच आहेत. १९७० नंतरच्या दहा-बारा वर्षांत स्वित्झर्लंडमध्यें झालेलीं, स्फटिकाच्या कंपावर चालणारीं पहिल्या पिढीचीं तीं मनगटी घड्याळें होत. जाड, वजनदार, बहुतेक चौकोनी. निळ्या नाहीं तर तपकिरी तबकडीचीं. पाहुणे सभ्य असतात. चहा घेऊन उठतांना ते इतकेंच सांगतात कीं असें घड्याळ बर्डीवर दोन-अडीचशें रुपयांस मिळतें, आणि तें चालतेंही.

या प्रश्नाला आमच्यापाशीं आजवर नीट उत्तर नव्हतें. गेल्या कांहीं वर्षांत तें थोडेंसें सांपडलें आहे. परंतु तें सांगावयाचें तर आरंभ नानांपासून करावयास हवा.

नाना म्हणजे आमचे वडील. एका सरकारी कचेरींत ते हिशेबाचें काम करीत. आमचें घर धंतोलींत, बगीच्यापासून हांकेच्या अंतरावर. त्या काळीं या भागांत संध्याकाळीं रामकृष्ण मठांतली आरती ऐकूं येई, रात्रीं अजनीकडून गाडीची शिटी येई, आणि या दोहोंच्या मध्यें आमच्या ओसरीवर नानांचा रेडिओ लागे. बातम्यांपूर्वीं आकाशवाणीवर वेळेचे ठोके वाजत. शेवटचा ठोका पडला कीं नाना मनगटावरचें घड्याळ काढीत, कांटा बरोबर करीत आणि किल्ली देत. हें घड्याळ फेवर ल्यूबा कंपनीचें 'सी किंग'; १९५८ सालीं लग्नांत सासऱ्यांनीं दिलेलें. १८६५ पासून मुंबईशीं व्यापार असलेली ही स्विस कंपनी आपल्याकडे इतकी रुजली होती कीं पुष्कळांस ती परदेशी वाटतच नसे. पुढें २०११ सालीं टाटांच्या टायटननें तें नांव विकत घेतलें, आणि नंतर तेंही दुसऱ्या हातीं गेलें. नानांना याचें कांहीं नव्हतें. किल्ली देतांना ते फेरे मोजीत. वीस झाले कीं थांबत. घड्याळ रोज मिनिट-दीड मिनिट पुढें जाई. "थोडें उतावळें आहे," असें ते एखाद्या भाच्याविषयीं बोलावें तसें म्हणत.

१९७६ सालीं आमचे मामा जर्मनींतून आले. परदेशी घड्याळ बाजारांत उजळ माथ्यानें मिळण्याचे ते दिवस नव्हते. तें कोणाच्या तरी सामानांतून यावयाचें, नाहीं तर चोरट्या वाटेनें. मामांनीं नानांसाठीं एक स्विस क्वार्ट्झ घड्याळ आणलें. कंपनीचें नांव सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. निळी तबकडी, जाड पोलादी घर, आणि सेकंदाचा कांटा असा कीं तो सरकत नसे. एक उडी, मग उभा. पुन्हां एक उडी, मग उभा. ही उडी पाहण्यास आळींतील मंडळी दोन दिवस येत होतीं. तिसऱ्या दिवसापासून कोणी आलें नाहीं. परंतु आम्ही चौदा वर्षांचे होतों, आणि आमच्या मनांतली ती उडी अद्याप थांबलेली नाहीं.

तिच्यामागचें शास्त्र समजावयास पुढें पदार्थविज्ञानाच्या वर्गांत बसावें लागलें, आणि नोकरीचीं सारीं वर्षें तेंच दुसऱ्यांना समजावून देण्यांत गेलीं. आपण ज्याला गारगोटी म्हणतों त्याच जातीचा हा निर्मळ स्फटिक. १८८० सालीं फ्रान्समधील क्यूरी बंधूंनीं दाखविलें कीं त्यावर दाब दिला असतां त्यांत वीज उत्पन्न होते. आणि उलट, त्यास वीज दिली असतां त्याचा आकार किंचित् बदलतो, म्हणजे तो कांपूं लागतो. हा कंप इतका एकसारखा असतो कीं १९२७ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत त्यावर घड्याळ चालविण्यांत आलें. मात्र तीं पहिलीं घड्याळें कपाटाएवढीं असत. कपाट मनगटावर आणावयास पुढें चाळीस वर्षें लागलीं. आजच्या बहुतेक घड्याळांतला स्फटिक सेकंदास ३२,७६८ वेळां कांपतो. या आंकड्याचें पंधरा वेळां निम्में करीत गेलें कीं बाकी बरोबर एक उरतो, आणि त्या एकाला कांटा एक उडी घेतो. निम्में करण्याचें हें काम आंतलें इवलेंसें सर्किट करतें. त्यास दुसरें कांहींही करतां येत नाहीं. परंतु तेवढें मात्र तें न चुकतां करतें.

या शोधाची कथा स्विस लोकांच्या दृष्टीनें मोठी चमत्कारिक आहे. १९६२ सालीं न्यूशातेल गांवीं त्यांनीं विजेवर चालणाऱ्या घड्याळांसाठीं एक संशोधनशाळा काढली. १९६७ सालीं तिनें मनगटी क्वार्ट्झ घड्याळाचे नमुने सिद्ध केले, आणि त्या सालच्या न्यूशातेल वेधशाळेच्या स्पर्धेंत पहिल्या दहा जागा त्यांनींच पटकावल्या. म्हणजे विद्या त्यांच्या हातीं होती. तरी बाजारांत पहिलें पाऊल जपाननें टाकलें. २५ डिसेंबर १९६९ रोजीं टोकियोंत सेइको कंपनीनें आपलें 'अॅस्ट्रॉन' विक्रीस मांडलें. किंमत ४,५०,००० येन. स्विस कंपन्यांचें संयुक्त यंत्र 'बीटा २१' एप्रिल १९७० मध्यें बाझेलच्या जत्रेंत आलें. ओमेगा, रोलेक्स, पाटेक फिलिप अशा एकमेकांचें तोंड न पाहणाऱ्या घराण्यांनीं तें एकच यंत्र आपापल्या घरांत घातलें. त्यांतील स्फटिकाचे कंप सेकंदास ८,१९२. ते निम्मे-निम्मे करून २५६ वर आणीत आणि त्या कंपावर कांटा फिरवीत. त्यामुळें त्या घड्याळाचा कांटा उडी घेत नाहीं. तो तेलावरून घसरल्यासारखा जातो, आणि कानाशीं धरलें तर आंतून बारीक गुणगुण ऐकूं येते. अशीं यंत्रें सुमारें ६,००० च झालीं. आमच्या डब्यांत त्यांतलें एकही नाहीं, आणि आमच्या निवृत्तिवेतनाचा विचार करतां तें येण्याचा संभवही नाहीं.

पुढें काय झालें तें सर्वश्रुत आहे. क्वार्ट्झ घड्याळ स्वस्त होत गेलें आणि स्वस्त करण्याच्या कलेंत पूर्वेकडचे देश पुढें गेले. १९७० सालीं स्विस घड्याळधंद्यांत सुमारें ९०,००० माणसें होतीं. पंधरा-सोळा वर्षांत तीं ३०,००० च्या आसपास आलीं. पिढ्यान् पिढ्या केसासारख्या कमानी घडविणाऱ्या बोटांना काम उरलें नाहीं. आमच्या डब्यांतलीं घड्याळें याच घालमेलीच्या काळांतलीं आहेत. तीं ज्यांनीं घडविलीं त्यांनीं जुन्या वळणानें घडविलीं. पोलादी यंत्र, माणकाचे खडे, नक्षीदार पुलें, सारें पूर्वींसारखें, फक्त मध्यभागीं एक सर्किट. आपल्याच कलेचा अंत करणारी वस्तु त्यांनीं आपल्या कलेच्या साऱ्या मर्यादा पाळून केली. त्या घड्याळांचें आम्हांस वाटणारें अप्रूप बरेंचसें यांत आहे.

हाच प्रसंग थोड्या उशिरां आपल्याकडेही आला. सरकारी हिंदुस्थान मशीन टूल्सनें जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्यानें १९६१ सालीं बंगळूरास घड्याळें करण्यास आरंभ केला, आणि मध्यम वर्गांतील मुलाच्या परीक्षेच्या यशास किंवा लग्नास 'एचएमटी' हें जणूं ठरूनच गेलें. त्या कारखान्यानेंही क्वार्ट्झ घड्याळें केलीं. परंतु भर किल्लीच्या घड्याळांवर राहिला. उलट होसूरच्या टायटननें १९८७ च्या सुमारास बाजारांत उतरतांना क्वार्ट्झ हाच मार्ग धरला. २०१६ सालीं एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बंद करण्याचा निर्णय सरकारनें घेतला.

बंगळूरचें आम्हीं वाचलें, बर्डीचें पाहिलें. बर्डीवर एका जिन्याखालीं नानांच्या स्नेहांतले एक घड्याळजी बसत. एका डोळ्यास भिंग, पुढें कांचेच्या वाट्यांखालीं झांकलेलीं उघडीं घड्याळें, आणि मागें भिंतीवर वेगवेगळ्या वेळा दाखविणारीं दहा-बारा. नानांचें घड्याळ वर्षांतून एकदां त्यांच्याकडे तेलपाण्यास जाई. १९७६ सालीं नानांनीं नवें घड्याळ मोठ्या कौतुकानें त्यांस दाखविलें. त्यांनीं मागचें झांकण उघडलें, भिंगांतून बराच वेळ पाहिलें, आणि झांकण पुन्हां लावीत ते म्हणाले, "नानासाहेब, घड्याळ उत्तम आहे. यांत माझ्यासाठीं कांहीं ठेवलेलें नाहीं." पुढें वीस वर्षांनीं त्यांच्या पुढच्या कांचेच्या वाट्या गेल्या होत्या आणि तेथें सेलांची पानें टांगलेलीं होतीं. मुलानें शेजारींच मोबाइल दुरुस्तीचें दुकान थाटलें होतें.

नानांचीही तक्रार थोडीफार तीच होती. नव्या घड्याळानें त्यांना कसलाच त्रास दिला नाहीं. रात्रीं रेडिओचा शेवटचा ठोका पडे, नाना मनगटाकडे पाहत; कांटा जेथें हवा तेथेंच असे. बोटें संवयीनें चावीशीं जात आणि कांहीं न करतां परत येत. "ह्याला कांहींच लागत नाहीं हो!" असें ते आईस म्हणत. त्यांत अभिमान होता आणि थोडें दुखावलेपणही होतें. महिन्या-दीड महिन्यानें एके रात्रीं आम्हीं पाहिलें, तों नानांनीं खणांतून जुनें सी किंग काढलें होतें आणि ते फेरे मोजीत त्यास किल्ली देत होते. तेव्हांपासून दिवसा मनगटावर स्फटिक आणि रात्रीं हातांत किल्ली, असा त्यांचा क्रम पडला. तो पुढें सत्तावीस-अठ्ठावीस वर्षें चालला.

नाना २००४ च्या पावसाळ्यांत गेले. क्वार्ट्झ घड्याळ त्यानंतर दोन महिन्यांनीं थांबलें. आम्हांस वाटलें सेल संपला असेल. नवा घातला तरी कांटा हलेना. घड्याळजींनीं भिंग लावून सांगितलें कीं सर्किट गेलें. असें सर्किट आतां कोणी करीत नाहीं. अगदीं त्याच जातीचें दुसरें घड्याळ मिळालें तर त्यांतून काढून घालतां येईल. "दुसरा मार्ग म्हणजे आंतलें सारें काढून टाकूं आणि नवें यंत्र बसवूं. शे-दोनशें रुपयांत काम होईल. तबकडी तीच, कांटे तेच. बाहेरून कळायचें नाहीं." आम्ही त्यास कबूल झालों नाहीं. नानांचें घड्याळ म्हणून दुसऱ्याच घड्याळाची वेळ पाहावयाची, हें मनास पटेना.

तेव्हां आमच्या संग्रहाचा आरंभ हा असा झाला. रसिकतेनें नव्हे, सुट्या भागाच्या शोधानें. आणि त्या शोधाला धंतोली पुरी पडली. याच वर्षांत आमच्या भागांतले जुने बंगले एकामागून एक पडूं लागले होते. मुलें परदेशीं किंवा पुण्यास, घरांत दोन वृद्ध जीव, आणि दारांत डॉक्टर उभे. आज आमच्या गल्लीच्या दोहों बाजूंस रुग्णालयें आणि औषधांचीं दुकानें आहेत. ओसऱ्या बोटांवर मोजण्याइतक्या. बंगला पडावयाच्या आधीं कपाटें रिकामीं होत, आणि तळच्या खणांतून जुनीं घड्याळें निघत. "तुम्ही असलीं घेतां म्हणे," असें म्हणून कोणी तरी तीं आणून देई. एक निघालें कुवेतला राहून आलेल्या इंजिनियरच्या घरांतून, एक लंडनहून परतलेल्या डॉक्टरांच्या. नानांच्या घड्याळाचें सर्किट त्यांत सांपडलें नाहीं. परंतु जें येई त्यास परत कसें करावें? अशा रीतीनें डबा भरत गेला, आणि सुट्या भागांसाठीं आणलेल्या घड्याळांवर आमचा जीव जडला.

या घड्याळांनीं आम्हांस पुष्कळ शिकविलें. सेकंदाचा कांटा एकाच जागीं थरथरत असेल तर बहुधा सेल अशक्त झालेला असतो; अगदींच निश्चल असेल तर आधीं सेलाखालचा हिरवा गंज पाहावा, मग केसाहून बारीक तारेची कॉइल तुटली आहे का तें मापावें, आणि सर्किटावर संशय अगदीं शेवटीं घ्यावा. तसेंच हें कळलें कीं ज्यास आपण अचूक म्हणतों तें घड्याळही उन्हाळा ओळखतें. हा स्फटिक २५ अंशांच्या आसपास सर्वांत नेमका असतो. त्याहून उष्मा वाढला तरी तो मंदावतो आणि गारवा वाढला तरीही मंदावतो. हिशेबानें ४५ अंशांत तो दिवसाला एक सेकंदाहून थोडा अधिक मागें पडावा. नागपूरच्या मे महिन्यास याहून चांगली प्रयोगशाळा कोणती? आम्हीं एक घड्याळ गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलींत ठेवलें. दहा दिवसांनीं तें पांच-सहा सेकंद मागें होतें. डिसेंबरांत पहाटेचा पारा दहावर आला तेव्हांही त्याची चाल मंदावलेली दिसली. मनगटावर बांधलें कीं तें पुन्हां बरेंच ताळ्यावर येई. माणसाच्या अंगाची ऊब नागपूरच्या हवेहून पुष्कळ समजूतदार असते. नाना असते तर त्यांना हें ऐकून बरें वाटलें असतें. त्याला कांहींच लागत नाहीं असें नव्हतें. मनगट लागत होतें.

आणखी एक गोष्ट जातां जातां सांगण्यासारखी आहे. आपली प्रमाणवेळ १९०६ पासून साडेब्यायशी अंश रेखांशावरून मोजतात. धंतोली एकूणऐंशी अंशांच्या किंचित् पुढें. म्हणजे आमच्या डोक्यावर सूर्य येतो तेव्हां, सरासरीनें, देशाच्या घड्याळांत बारा वाजून सुमारें १४ मिनिटें झालेलीं असतात. तेव्हां सेकंदाच्या शतांशापर्यंत अचूक असें घड्याळ आणलें तरी तें धंतोलीची दुपार दाखविणार नाहीं. सर्वांनीं मिळून ठरविलेली दुपार दाखवील. नानांचें उतावळें सी किंग आणि सेइकोचें अॅस्ट्रॉन यांच्यांतला भेद या दृष्टीनें पाहिला तर वाटतो तितका मोठा नाहीं. दोहोंसही कोणीतरी बाहेरून सांगावें लागतें.

आतां मूळ गोष्टीकडे येतों. २०१९ सालीं, वर्धा रस्त्यावरून मेट्रो नुकतीच धांवूं लागली होती त्या सुमारास, गल्लीच्या टोकाच्या बंगल्यांतील काकूंनीं आम्हांस बोलावून घेतलें. त्यांचाही बंगला जावयाचा होता. त्यांनीं रुमालांत बांधलेलें एक घड्याळ आमच्या हातीं दिलें. निळी तबकडी, जाड पोलादी घर. झांकणाच्या मागें बारीक अक्षरांत कोरलेलें: चिरंजीवांस, विवाहाप्रीत्यर्थ, आणि खालीं १९७७ सालची एक तारीख. जांवयासाठीं काकूंच्या वडिलांनीं तें कोणाकडून तरी मागवून घेतलें होतें. "ह्यांचें आहे," काकू म्हणाल्या. "मुलगा म्हणतो ठेवून काय करायचें. तुम्ही चालतें ठेवाल म्हणून तुम्हांला." आणि तें चालत होतें. कांटा उडी घेत होता आणि उभा राहत होता.

तेंच यंत्र. पंधरा वर्षें आम्ही जें शोधीत होतों तें. आम्ही दुसऱ्याच दिवशीं दोन्ही घड्याळें घेऊन बर्डीवर गेलों. घड्याळजी आतां पंचाहत्तरीच्या घरांत होते. मुलाच्या दुकानांत कोपऱ्यांतल्या खुर्चीवर बसत. त्यांनीं कित्येक दिवसांनीं भिंग काढलें, दोन्ही झांकणें उघडलीं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "एकाचें काढून दुसऱ्यांत घालायचें. अर्ध्या तासाचें काम. हात अजून कांपत नाहींत. काढूं?"

खरें सांगावयाचें तर त्या क्षणीं 'काढा' हा शब्द आमच्या ओठांवर होता. काकू पुण्यास जाणार होत्या. त्यांना कधीं कळलें नसतें. मुलास तर घड्याळ नकोच होतें. आणि आमचें कारण काय हलकें होतें? परंतु घड्याळजींचा चिमटा सर्किटाशीं गेला तेव्हां त्या पालथ्या झांकणावरचीं अक्षरें आमच्या समोर आलीं. आम्हीं म्हटलें, "आज राहूं द्या. उद्यां येतों." त्यांनीं चिमटा खालीं ठेवला आणि कांहीं विचारलें नाहीं.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. एक घड्याळ वांचवावयाचें म्हणजे दुसरें मारावयाचें, हा या छंदाचा दुसरा नियम. तो आम्हीं पूर्वीं अनेकदां पाळला होता. डब्यांतलीं सोळा प्रेतें त्याचीच साक्ष आहेत. पण तीं सर्व आधींच बंद पडलेलीं होतीं. चालत्या घड्याळास आम्हीं हात लावला नव्हता. साडेदहाच्या सुमारास पाणी प्यावयास म्हणून उठलों, तों आईच्या खोलींत दिवा दिसला. आईचें वय तेव्हां एक्यायशी होतें. ती पलंगावर बसून, डोळे मिटून, ओठांनीं कांहीं पुटपुटत होती. आम्हांस वाटलें जप चालला आहे. जवळ गेलों तर ती आंकडे म्हणत होती. सतरा, अठरा, एकोणीस, वीस. हातांत नानांचें सी किंग होतें.

"हें चालतें?" आम्हीं विचारलें.

"न चालायला काय झालें? किल्ली दिली कीं चालतें."

"केव्हांपासून देतेस?"

"ते गेले त्या रात्रीं राहिली. दुसऱ्या रात्रींपासून देतें."

पंधरा वर्षें! सत्तावीस घड्याळांचे आम्ही धनी. कॉइली मापणारे, स्फटिकाचा उन्हाळा टिपणारे. आणि आमच्याच भिंतीपलीकडे रोज रात्रीं एक घड्याळ चालत होतें याचा आम्हांस पत्ता नव्हता. नानांचें म्हणून आम्हीं जें जपलें तें त्यांच्या मनगटावरचें होतें. जें त्यांच्या हातांतलें होतें तें आईनें जपलें. आम्ही तिच्या पायथ्याशीं बसलों आणि काकूंच्या घड्याळाची हकिगत सांगितली. तिनें ती नीट ऐकून घेतली आणि विचारलें, "त्यांनीं तें तुला काय म्हणून दिलें?"

"चालतें ठेवा म्हणून."

"मग चालतें ठेव," ती म्हणाली, आणि सी किंग उशीखालीं सरकवून तिनें दिवा मालविण्यास सांगितलें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही बर्डीवर गेलों आणि काकूंच्या घड्याळास तेलपाणी करवून आणलें. घड्याळजींनीं त्याचे पैसे घेतले नाहींत. किती वर्षांनीं खरें काम मिळालें, असें म्हणाले. तें घड्याळ आम्ही डब्यांत ठेवीत नाहीं, मनगटावर बांधतों. दर दिवाळींत पुण्यास काकूंना फोन होतो, त्या सर्वांची विचारपूस करतात, आणि शेवटीं, सहज विचारल्यासारखें, "चालतें आहे ना?" म्हणून विचारतात. नानांचें क्वार्ट्झ डब्यांतच आहे, बंद. त्यास दुसरें सर्किट मिळेल असें वाटत नाहीं, आणि मिळावें म्हणून आम्ही आतां घरोघर हिंडतही नाहीं.

पाहुणे येतात आणि अद्याप तेंच म्हणतात. बर्डीवर अडीचशें रुपयांस मिळणारें घड्याळ चालतें हें खरेंच आहे. तें बंद पडलें तर नवें घेतां येतें, हेंही खरें. आम्ही त्यांच्याशीं वाद घालीत नाहीं. आईच्या बोटांत आतां जोर राहिला नाहीं. त्यामुळें रात्रीं तिच्या खोलींत जाऊन किल्ली देण्याचें काम आमच्याकडे आलें आहे. फेरे ती मोजते. सी किंग अजून उतावळेंच आहे. काल पाहिलें तेव्हां तें चार मिनिटें पुढें होतें. आम्ही कांटा बरोबर करावयास गेलों, तर आई म्हणाली, "राहूं दे. ते रेडिओ लागल्यावर करीत." रेडिओ आमच्या घरीं कधींच बंद झाला आहे. तेव्हां घड्याळ तसेंच राहिलें.